वरच्या मजल्याबाबत पक्षाची भूमिका

घरून,
४ जून

प्रिय पिपाणी,

आता तू पक्षाचा विभागीय अध्यक्ष झालास, गाडीला तुझ्या दिवा लागला, सगळं मान्य. पण मी नवी नवरी म्हणून या घरात पाऊल टाकलं तेव्हा तू दारात लोळून एकाच सुरात रडत होतास. मी विसरेनही, माझे कान विसरत नाहीत. तेव्हा नाव तेच राहील.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू माझ्याशी बोलता बोलता दुसऱ्याच कुणाला तरी 'हो हो, करून टाका' म्हणतोस. मागच्या खेपेला त्या भरवशावर मी जुनं कपाट विकून टाकलं. कागदावर तू एका वेळी एकाशीच बोलतोस, ते बरं पडतं.

तुझ्या युतीची खबर सांगते. आज सकाळी खुर्च्या गेल्या. तुला माहीतच आहे, आपल्या पुढच्या खोलीत दोन्ही पक्षांचं मिळून एक ऑफिस. छत, पंखा आणि चहा आपला, खुर्च्या मित्रपक्षाच्या. त्यांचा अध्यक्ष म्हणजे आपला खुर्चीवाला, पोटापाण्याला खुर्च्या भाड्याने देतो, आणि रुसला की पहिलं काम म्हणजे टेम्पो बोलावतो. युती कशी चाललीय ते बघायला मला पेपर लागत नाही, दार उघडून खुर्च्या बघते. आज तुझे कार्यकर्ते दिवसभर भिंतीला टेकून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे.

'काय बिनसलं?' म्हणून विचारलं तर म्हणे, वसतिगृह.

तू पाठवलेलं निवेदन वाचलं. 'वहिनीला कळलं तर सगळ्यांना कळेल' म्हणून सगळं आधी मला पाठवतोस. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते एकदा निवांत बसून बघणार आहे. तर, मला कळलं नाही. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी गावात वसतिगृह बांधायचं की नाही, एवढाच प्रश्न. त्यावर तू लिहितोस, 'समाजातील सर्व घटकांशी सर्वंकष विचारविनिमय करून पक्ष आपली भूमिका योग्य वेळी जाहीर करील.' अरे, छत गळतंय म्हणून गवंड्याला बोलवावं आणि त्याने शिडीवर चढून हेच वाक्य म्हणावं, तर तू त्याला चहा तरी देशील का?

बाकी ठीक. वरचा मजला जरा झाडून-पुसून घेतलाय. उगीच, सांगितलं आपलं.

तुझी वहिनी


विभागीय कार्यालय,
११ जून

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. पिपाणी हा शब्द पाकिटावर लिहू नकोस, हात जोडतो. इथला शिपाई पाकीट देताना हसला.

खुर्चीवाल्यांशी नीट वाग. ते मित्रपक्षाचे आहेत, मित्र नाहीत, त्यामुळे जास्त जपावं लागतं. परिस्थिती नाजूक आहे. वसतिगृह आपल्या जाहीरनाम्यात आहे हे खरं. पण त्यांचं म्हणणं असं की, बायकांना घराबाहेर राहायची सोय केली की घरं मोडतात. आपण 'बांधू' म्हटलं की ते जातात, 'बांधणार नाही' म्हटलं की आपली मतं जातात. म्हणून आपली भूमिका अशी की भूमिका घ्यायची नाही. ही सोपी गोष्ट नाही वहिनी, रोज उठून ती न घेता राहावं लागतं.

तू वरचा मजला झाडून घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. तुला कसं सुचलं? वर आता काही सामान नाही ना? खिडक्या उघडतात का? जिन्यावरून मोठं टेबल चढेल का? सहज विचारतोय.

तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लाव.

तुझा धाकटा दीर


घरून,
१७ जून

प्रिय पिपाणी,

(पाकिटावर नाही लिहिलं. आत लिहायला तू बंदी घातलेली नाहीस.)

खिडक्या उघडतात. सकाळी उघडतात, संध्याकाळी लागतात. टेबल चढेल, पण चढवणाऱ्याला मी खालून काय म्हणेन ते सांगता येत नाही.

तुझ्या दादाला जाऊन पाच वर्षं झाली. एवढ्या काळात तू वरच्या मजल्याची चौकशी केलीस ती एकदा, पाणी मुरतंय का म्हणून. तीही निवडणुकीच्या आधी, लोक भेटायला येतील म्हणून. आज एकदम खिडक्या, जिना, टेबल! तू लग्न करतोयस का? या वयात? मुलगी कोणत्या पक्षाची?

वर सामान नाही म्हणजे तसं काही नाही. तुझी पत्र्याची पेटी, त्यात तुझ्या वक्तृत्वाच्या ढाली. एका ढालीवर आता पेला ठेवायला जागा झालीय. पावलांचा आवाज येतो म्हणून शेजारीण परवा विचारत होती. मी म्हटलं, मांजरी असतील. ती म्हणाली, मांजरी सकाळी सहाला शिट्टी वाजवत जिना उतरतात? मी म्हटलं, हल्लीच्या मांजरी.

खुर्च्या अजून आलेल्या नाहीत. तुझे लोक आता माझ्या उंबऱ्यावर बसतात आणि मी केर काढायला गेले की 'वहिनी, चर्चा चालू आहे' म्हणतात. काल त्या चर्चेत एक जण घोरत होता.

खरं काय ते लिही.

वहिनी


विभागीय कार्यालय,
२५ जून

प्रिय वहिनी,

लग्न वगैरे काही नाही. असले विषय पत्रात नको.

खरं सांगतो, पण आधी शांतपणे बस.

जागावाटपाच्या बैठकीत त्यांनी धरून ठेवलं की सगळं निम्मं हवं. जागा निम्म्या, सभा निम्म्या, फलकावरची अक्षरंसुद्धा मापाने सारखी. शेवटी ऑफिसवर गाडी अडली. एका खोलीत दोन पक्ष मावत नाहीत, आम्हाला स्वतंत्र ऑफिस द्या, म्हणाले. पहाटेपर्यंत बैठक चालली होती, सगळे चिडलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, 'आमच्या घराचा वरचा मजला रिकामाच आहे, तो घ्या.' टाळ्या वाजल्या. करारात कलम पडलं.

बाबांनी वाटणी केली तेव्हा खालचा मजला दादाला आणि वरचा मला, हे तुला माहीत आहे. म्हणजे कागदाने मी काही चूक केलेली नाही. तरी तुला आधी विचारायला हवं होतं, हे मान्य.

१० जुलैला खुर्चीवाले मजला बघायला येतील. त्याच दिवशी खाली संयुक्त बैठक आहे, खुर्च्या परत येतील. त्याआधी दोन्ही पक्षांचे मोठे झेंडे मात्र धुऊन ठेव. मागच्या वेळी त्यांना कुबट वास येत होता आणि त्यांनी 'आमच्याच झेंड्याला जास्त येतो' अशी तक्रार केली होती. आपला पिवळा, त्यांचा जांभळा. चूक होऊ देऊ नकोस.

तुझा दीर


घरून,
२८ जून

पिपाणी,

आता तू बस. खुर्ची असेल तर.

तुझा वरचा मजला रिकामा नाही. मार्चपासून वर तीन बायका राहतात.

एक सरकारी दवाखान्यातली नर्स. दुसरी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिसरी बसची कंडक्टर, शिट्टीवाली मांजर ती हीच. नर्स आधी एका घरी राहायची, तिथे रात्रपाळीहून सकाळी आली की मालकीण दारात उभी राहून घड्याळ बघायची. चष्मेवाली दोन बस बदलून येत होती. कंडक्टरची गोष्ट जरा निराळी. तिची नोकरी अजून कच्ची आहे. पहिली गाडी पहाटेची, डेपोचा नियम असा की राहायचा पत्ता गावातला हवा. पत्ता गेला की नोकरी गेली. नोकरी गेली की मामा न्यायला टपलेलाच आहे, त्याने तिच्यासाठी एक बिजवर बघून ठेवलाय. तो माणूस तिच्याच बसने येतो आणि सुटे देत नाही, म्हणते. 'मामी,' म्हणाली (तिघी मला मामीच म्हणतात), 'जो तिकिटाला सुटे देत नाही, तो जन्मभर काय देणार?'

तर तुझ्या खोलीत ती राहते. तुझ्या पेटीवर तिची तिकिटांची पेटी.

आता तू म्हणशील, वहिनी, विचारलं का नाहीस? बरोबर. माझा खालचा मजला तू पक्षाला दिलास तेव्हा मला कधी विचारलं होतंस? मी बाजारातून आले तर माझ्या पुढच्या खोलीत फीत कापणं चालू होतं. माझीच कात्री होती ती. तू माझं दिलंस, मी तुझं दिलं. हिशेब तुझ्या दादाच्या स्वभावासारखा सरळ.

तुझ्या जाहीरनाम्यात वसतिगृह होतं ना? घे, बांधून झालं. तुझ्याच डोक्यावर.

वहिनी

झेंडे धुते. त्यात माझं काही भांडण नाही.


विभागीय कार्यालय,
३ जुलै

वहिनी,

तू काय केलंयस याची तुला कल्पना आहे का? ज्या प्रश्नावर युती तुटायला आलीय, तो प्रश्न तू युतीच्या ऑफिसच्या वर ठेवून घेतलास! खुर्चीवाले दहा तारखेला जिना चढून वर जाणार आणि तिथे काय बघणार? दोरीवर वाळत घातलेली आमची भूमिका!

त्या बायका चांगल्या असतील. मी कुठे नाही म्हणतो? पण ही वेळ नव्हे. निवडणूक तोंडावर आहे. दहा तारखेच्या आत मजला रिकामा कर. मी दीर म्हणून विनंती करून बघितली असती, पण तू विनंतीची चेष्टा करतेस. म्हणून मालक म्हणून सांगतो.

अध्यक्ष


घरून,
११ जुलै

माननीय मालक साहेब यांस,

आपल्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका विधवा बाईचा नमस्कार. आपल्या आज्ञेप्रमाणे झेंडे धुतले. बाकीचं जमलं नाही. का जमलं नाही ते सविस्तर कळवते, कारण पेपरात अर्धंच आलं असणार.

सोमवारी नळाला पाणी जेमतेम आलं. साहेबांना माहीत नसेल, साहेबांच्या नळाला ते पाणी घाबरून येत असेल. इथे जे भिजवायचं ते एकदाच भिजवावं लागतं. मी मोठा टब काढला. त्यात नर्सचे पांढरे गणवेश, चष्मेवालीचा पांढरा कोट, सगळ्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे असं आधीच भिजत होतं. वरून झेंडे टाकले. जांभळा झेंडा खुर्चीवाल्याच्या साडूने शिवलाय. 'रंग पक्का, वहिनी, मरेपर्यंत जाणार नाही,' असं तो मला स्वतः म्हणाला होता. तो कोणाच्या मरणाबद्दल बोलत होता कोण जाणे. मी भाजी चिरून आले तोवर टबात वांगी उकळल्यासारखं झालं होतं.

सगळं जांभळं. फिकट, गडद, पट्ट्यापट्ट्यांचं, पण जांभळं. आपला पिवळा झेंडा मात्र चहा सांडल्यासारखा झाला. मी चार वेळा पिळला. पक्षाचं धोरण निघालं, डाग नाही निघाला.

मंगळवारी पहाटे वीज नव्हती. नर्सने अंधारातच दोरीवरचा गणवेश ओढला आणि गेली. दवाखान्यात उजेड झाल्यावर मेट्रन म्हणाली, 'प्रचार गेटाबाहेर.' पेशंट म्हणाले, 'तुम्ही कधी गेलात त्यांच्यात?' दुपारी चष्मेवाली तिचा कोट घालून दुकानात गेली. बाजारात एकच बोलणं, नोकरीवाल्या बायका जांभळ्या झाल्या.

बुधवारी दहा तारीख. खुर्चीवाला आला, बरोबर पेपरवाला आणि फोटोवाला. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलाच. आपल्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळ्या चादरी फडफडत होत्या. एवढा मोठा माणूस, छत्री मिटायची विसरला.

'वहिनी,' म्हणाला, 'हे सगळं... आमच्यासाठी?'

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, 'रंग तुमचाच आहे.'

त्याचे डोळे भरून आले हो साहेब. 'आणि तुमचा झेंडा?'

तो बिचारा दोरीच्या कोपऱ्यात लटकत होता. म्हटलं, 'तो जरा विचारात पडलाय.'

तेवढ्यात तिघी जिना उतरून आल्या. मी त्यांना लपा म्हटलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

'या भगिनी कोण?'

'वर राहतात.'

'एकट्या?'

'तिघी आहेत. एकट्या कशा असतील?'

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक भुवई त्याच्या पक्षाची होती, दुसरी त्याची स्वतःची. पेपरवाल्याने वही काढली. 'साहेब, या तुमच्या पक्षाच्या का?' बघा हं, नाही म्हणावं तर अंगावर रंग याचा. हो म्हणावं तर एकट्या राहणाऱ्या बायका. घसा खाकरला, छत्री मिटली, आणि म्हणाला, 'आमच्याच!'

फोटो निघाला. कंडक्टर म्हणाली, 'मी डेपोची आहे,' पण तोवर दिवा चमकून गेला होता.

जाताना वर बघून म्हणाला, 'भगिनी जमिनीवर बसतात का?' आणि टेम्पोतल्या चार खुर्च्या वर पाठवल्या. बाकीच्या खाली उतरल्या, बैठक फोटोतच उरकली, आणि मजला बघायचं तो विसरला. मी आठवण केली नाही, मी कोण, खालची भाडेकरू.

आपली नम्र,
खालचा मजला


विभागीय कार्यालय,
१५ जुलै

प्रिय वहिनी,

मला खालचा मजला म्हणू नकोस, म्हणजे स्वतःला म्हणू नकोस. तीन तारखेचं पत्र मी चिडून लिहिलं होतं. त्यावर नंतर बोलू, आधी हे ऐक.

पेपर बघितला. 'नोकरदार भगिनींचा जांभळ्या झेंड्याला पाठिंबा', आणि मागे आमच्या घराची गच्ची! वरिष्ठांनी मला उभं केलं. म्हणाले, तुमच्या घराचा वरचा मजला फुटला आणि तुम्ही इथे काय करताय? खुर्चीवाल्यांनाही त्यांच्या वरिष्ठांनी झापलंय, पण वेगळ्या कारणाने. म्हणजे ज्या बायकांना काल कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या आज दोघांनाही आपल्या हव्यात. तीन वर्षं योग्य वेळ येत नव्हती, ती काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत आली.

दोन्ही पक्षांची तडजोड झाली आहे. हे निवेदन सोबत पाठवतोय, वाचून कळव. थोडक्यात असं की, आपल्या घरातलं वसतिगृह हा युतीचा नमुना प्रकल्प होता, तो आपण मुद्दाम गाजावाजा न करता चालवत होतो. येत्या शनिवारी दोन्ही पक्षांचे नेते येतील. तिघींनी एका हातात पिवळा, एका हातात जांभळा असा झेंडा धरायचा. फोटो होईल.

निवडणुकीपर्यंत त्या तिथे राहतील. नंतर करारातल्या कलमाप्रमाणे मजला त्यांच्या ऑफिसला. तोवर कुठे ना कुठे त्यांची सोय होईलच. यापेक्षा चांगली तडजोड कुणालाही जमली नसती, असं वरिष्ठसुद्धा म्हणाले.

तू निवेदन वाचून दाखव त्यांना. तुझं ऐकतील.

तुझा दीर


घरून,
१९ जुलै

प्रिय पिपाणी,

निवेदन वाचून दाखवलं. रात्रीची भांडी झाल्यावर चौघी त्या चार खुर्च्यांवर बसलो. 'नमुना प्रकल्प' आलं तेव्हा चष्मेवालीला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं. 'निवडणुकीपर्यंत' आलं तेव्हा कुणी हसलं नाही.

कंडक्टर म्हणाली, 'मामी, मधल्या थांब्यावर उतरवणार असतील तर पूर्ण तिकीट का घेतात?'

मी निवेदनाची घडी घातली आणि म्हटलं, मालकाला विचारून सांगते. 

शनिवारी झेंडे धरायला कुणी नाही. नर्सची ड्यूटी आहे, चष्मेवालीचं दुकान आहे, आणि कंडक्टर म्हणते तिला दोन हात लागतात, एक दांडीला आणि एक तिकिटाला. तुम्ही नेत्यांनीच एकमेकांचे धरा.

आता तुझ्याशी थोडं. चेष्टा नाही.

तुझा दादा गेल्यावर हे घर किती मोठं झालं ते तुला कळलं नाही, कारण तू सभांना होतास. त्याबद्दल राग नाही, कुणीतरी सभांना असावंच लागतं. पण मी संध्याकाळी मुद्दाम तुझ्या ऑफिसात केर काढायला जायची. स्वच्छतेसाठी नव्हे. घोरणाऱ्याचा का होईना, माणसाचा आवाज असतो म्हणून. आता वरून कुणी तरी 'मामी, मीठ कुठाय' म्हणून ओरडतं. मला माहीत असतं की तिला माहीत आहे मीठ कुठाय. एवढंच आहे बघ. एवढ्यासाठी मी तुझ्याशी भांडतेय. त्यांच्यासाठी भांडतेय असं म्हणाले ते अर्धं खरं होतं.

मालक तू आहेस, हेही खरं. तू तसं लिहिलंस म्हणून लागलं, पण खोटं नव्हतं. म्हणून मला पक्षाची भूमिका नको. विभागाची नको, युतीची नको. तुझी पाठव. एक वाक्य. त्यात 'तथापि' नको, आणि 'योग्य वेळ' नको.

तू लहानपणी रडायचास तेव्हा निदान कळायचं तुला काय हवंय.

वहिनी


विभागीय कार्यालय (आवराआवर चालू),
३० जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र खिशात ठेवून संयुक्त मेळाव्याला गेलो. सभागृह भरलं होतं, सगळ्या खुर्च्या अर्थात त्यांच्या. शनिवारचा फोटो झाला नाही म्हणून दोन्हीकडचे आधीच तापले होते. मला भाषण लिहून दिलेलं होतं, चांगलं लांब होतं. उभा राहिलो. पहिली ओळ वाचली आणि तू आठवलीस, शिडीवरचा तो गवंडीही आठवला. हसू आलं. लोकांना वाटलं भाषणातच आहे, तेही हसले.

मग कागद बाजूला ठेवून म्हणालो, 'वरचा मजला माझा आहे. तिथे नोकरी करणाऱ्या तिघी राहतात. त्या राहतील.'

एवढंच. पुढे काहीतरी येईल म्हणून सगळे थांबले होते, मीसुद्धा. आलं नाही. खाली बसलो.

खुर्चीवाले उठले. 'हा करारभंग आहे!' म्हणाले आणि हात वर केला. वहिनी, मी असं कधी बघितलं नव्हतं, दारातून त्यांची माणसं आली आणि लोक बसलेले असतानाच खुर्च्या काढायला लागली. पहिल्या रांगेतले आमचे वरिष्ठ तर अर्धे हवेत होते. अर्धा मेळावा उभ्याने झाला. पण एक सांगतो, मागे उभ्या बायका होत्या ना, चहा देणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या, ज्यांना खुर्च्या मुळात नव्हत्याच, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पक्षाने कळवलं की प्रकृतीच्या कारणास्तव माझी पदातून मुक्तता झाली आहे. प्रकृती इतकी चांगली बऱ्याच वर्षांत नव्हती. वसतिगृहाबाबत पक्षाची भूमिका काय ते विचारू नकोस. योग्य वेळी कळेल.

गाडी परत केली, दिवा त्यांनी आधीच काढला होता. पुढच्या आठवड्यात घरी येतोय, कायमचा. माझी खोली तेवढी तयार ठेव. पंखा चालतो ना?

तुझा,
पिपाणी


घरून,
३ ऑगस्ट

माझ्या पिपाणी,

पत्र वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा तुझ्या दादाच्या फोटोसमोर. तिसऱ्या वेळी 'त्या राहतील' पर्यंत मी वाचलं, पुढचं नर्सने.

इकडची खबर. खुर्चीवाल्याने खालच्या सगळ्या खुर्च्या नेल्या, पण वरच्या चार नेल्या नाहीत. टेम्पोवाला जिना चढायला लागला तर खालून ओरडला, 'त्या राहू दे, त्या फोटोत आलेल्या आहेत.' जाताना मला म्हणाला, 'वहिनी, माझी भाची तालुक्याला शिक्षिका म्हणून लागतेय. जागा झाली तर...' आणि इकडे तिकडे बघून, 'आमच्यात बोलू नका.' तेव्हा तुझा मित्रपक्ष गेला, पण मित्र बहुतेक आता होईल.

तुझे कार्यकर्ते पाटी काढून घेऊन गेले. भिंतीवर पाटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिलाय. पुसत नाही, तू बघायला ये.

आता तुझ्या खोलीचं. काल चौघींची बैठक झाली. सर्व घटकांशी सर्वंकष विचारविनिमय केला. मी तुझ्या बाजूने बोलले, हे लिहून ठेव. पण वरच्या मजल्यावर पुरुषाने राहायचं नाही असा नियम आहे, आणि मालकाला सूट द्यावी का, यावर एकमत झालं नाही. चष्मेवाली म्हणाली, पंखा चालतो, पण तो आमच्यासाठी. तेव्हा त्याबाबतची भूमिका योग्य वेळी जाहीर करू. तोवर खाली पुढच्या खोलीत सतरंजी घालते, घोरायची तिथे परंपराच आहे.

उठता उठता कंडक्टरला मी विचारलं, 'तुझं काय म्हणणं? त्याच्याच खोलीत राहतेस तू.' तिने शिट्टी ओठाला लावली, वाजवली नाही. म्हणाली, 'गाडी फुल्ल आहे मामी. पण उभ्याने यायची तयारी असेल तर चढू द्या.'

तर ये. संध्याकाळच्या गाडीने ये, तिचीच ड्यूटी आहे. सुटे घेऊन ठेव.

आणि पांढरं काही आणू नकोस, टब अजून रंग सोडतोय.

तुझी वहिनी